कारखाना मेक्सिकोला चालला, 'ट्रेड ॲक्ट'चे पैसे मिळतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम मिशिगनमधल्या एका ताईंचे यजमान मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १४ वर्षं सीएनसी सेटर (संगणकाने चालणारी मशिनं कामासाठी जुळवून देणारे) आहेत. वय ५३, ग्रीन कार्ड आहे, कारखान्यात युनियन नाही. काम मेक्सिकोला हलवणार म्हणून ६० दिवसांची नोटीस हातात पडली आहे. जुने सहकारी सांगतात, "ट्रेड ॲक्टमध्ये अर्ज टाक, दोन वर्षं पैसे मिळतात, शिक्षणही फुकट." तर अर्ज कुठे करायचा, कंपनीने दिलेल्या सेव्हरन्सच्या (नोकरी जाताना कंपनी देते त्या पैशाच्या) कागदावर आत्ताच सही करायची का, आणि तोवर काय करायचं? मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ताई, नको असलेली बातमी आधी सांगून टाकतो. सहकारी ज्याला 'ट्रेड ॲक्ट' म्हणतात ती योजना, म्हणजे ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, नव्या कामगारांसाठी बंद आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्रीय कामगार खात्याला नव्या अर्जांची चौकशी करण्याचा आणि एखाद्या कारखान्याच्या कामगारांना मान्यता देण्याचा अधिकारच उरलेला नाही. फॉर्म पाठवलात तरी त्यावर निकाल लागणार नाही. सहकारी थापा मारत नाहीत, त्यांच्या वेळी ती होती आणि चांगली होती. पण तिची वाट बघत बसलात तर जे आजही मिळतं त्याच्या मुदती निघून जातील. मिशिगनमधल्या सरकारी रोजगार केंद्रात नोकरी गेलेल्या कामगारांची कामं मी बरीच वर्षं केली, आणि सगळ्यात जास्त नुकसान मी या वाट बघण्यानेच झालेलं पाहिलं आहे.

ही योजना काय होती ते थोडं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय नाही आणि काय आहे ते कळेल. १९६२ मध्ये केनेडींच्या काळात आयातशुल्क कमी करण्याचा कायदा झाला, तेव्हा हिशेब असा मांडला गेला की स्वस्त आयातीचा फायदा सगळ्या देशाला होणार आणि फटका काही गावांना बसणार, तर त्या गावांना सरकारने हात द्यावा. प्रत्यक्षात अटी इतक्या कडक होत्या की १९६९ उजाडेपर्यंत एकाही कामगार गटाला मान्यता मिळाली नाही. १९७४ च्या कायद्याने अटी सैल झाल्या आणि योजना खऱ्या अर्थाने चालू झाली. १९९४ पासून मेक्सिको-कॅनडाच्या करारासाठी वेगळी शाखा निघाली, ती पुढे २००२ मध्ये मूळ योजनेत मिसळली.

शेवटच्या काही वर्षांत ती बरीच भरघोस होती. राज्याचा बेकारी भत्ता संपला की पूर्णवेळ शिकणाऱ्याला पुढे भत्ता चालू राही आणि दोन्ही मिळून १३० आठवड्यांपर्यंत मजल जाई. "दोन वर्षं पैसे" हे तिथून आलं आहे. फी, पुस्तकं, परगावी मुलाखतीला जायचा खर्च, नोकरीसाठी घर हलवायचं तर त्याचा बराचसा भार, हे सगळं त्यात होतं. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक तरतूद होती जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटायची. नवी नोकरी कमी पगाराची लागली तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार देई, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर, नवा पगार वर्षाला ५०,००० च्या आत असेल तर. ५३ व्या वर्षी वर्गात जाऊन बसायचं नाही असं म्हणणाऱ्या माणसाला हा पैसा फार उपयोगी पडे. तुमच्या यजमानांना तो आज मिळाला असता, आणि मिळणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मान्यता मिळवायला तीन कामगारांच्या सह्या पुरत. युनियन, कंपनी किंवा राज्याचं खातंही अर्ज करू शके. खरी मेख असायची पुराव्याची, कारण काम बाहेरदेशी गेलं हे कंपनी प्रत्येक वेळी सरळ कबूल करायची नाही. कामगार शॉप फ्लोअरवरचा पुरावा घेऊन यायचे. क्रेटवर चिकटवलेल्या शिपिंग लेबलवरचा पत्ता, मशिनवर लावलेली टॅग, मेक्सिकोहून आठवडाभर शिकायला आलेल्या टीमच्या तारखा, स्पॅनिशमध्ये नव्याने छापलेली सेटअप शीट. एका बाईंनी डब्याच्या पेपर नॅपकिनवर सगळे पार्ट नंबर लिहून आणले होते, कुठला भाग कुठल्या आठवड्यात लाइनवरून गायब झाला ते तारखेसकट. तपासनिसाला याहून जास्त काही लागलं नाही.

तुमच्या भागातलं मोठं उदाहरण ग्रीनव्हिलचं. इलेक्ट्रोलक्सचा फ्रिजचा कारखाना २००६ मध्ये बंद होऊन काम मेक्सिकोतल्या हुआरेझला गेलं. जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव आणि गेलेल्या नोकऱ्या सुमारे २,७००. राज्याने सवलती पुढे केल्या, युनियनने पड खाल्ली, तरी कंपनी थांबली नाही. पुढच्याच वर्षी गावात सौर पॅनेलचा कारखाना आला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. २०१२ मध्ये त्या कारखान्याच्या मूळ कंपनीने दिवाळं काढलं. म्हणून शिकायचं ते कुठेही चालेल असं हातातलं कसब शिकावं, एका कंपनीकडे बघून शिकू नये, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

आणि योजनेचा फार गोडवाही गायला नको. कामगार खात्याने करवून घेतलेल्या आणि २०१२ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत, चार वर्षांनंतर योजनेतल्या लोकांची कमाई तशाच इतर बेकारांपेक्षा वरचढ दिसली नव्हती. दोन वर्षं शिकण्यात गेली, तेवढी दोन वर्षं कमाई नाही, हे त्यामागचं एक उघड कारण. नंतरच्या एका अभ्यासात दहा वर्षांचा हिशेब धरला तर एकूण सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमावल्याचं निघालं. मी पाहिलेल्या माणसांवरून दोन्ही मला खरी वाटतात. पस्तिशीचा वेल्डर नर्सिंगला गेला तर त्याचं सोनं झालं, अठ्ठावन्नचा माणूस कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला गेला तर तो तिथे वेळ काढत बसला.

मग ही योजना मेली कशी? तिची मुदत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वेळोवेळी वाढवायची असे, आणि ती बहुधा राष्ट्राध्यक्षांना व्यापार करार झटपट करण्याचे अधिकार देणाऱ्या कायद्याच्या शेपटाला बांधलेली असे. ते अधिकार २०२१ मध्ये संपले, नवे कोणाला द्यायचे नव्हते, आणि वर्षभरात शेपूटही गेलं. त्यानंतर आयातशुल्काच्या बातम्यांनी रोजचे पेपर भरले, पण ज्याची लाइन उचलली गेली त्याच्यासाठीची खिडकी बंदच आहे. एक अपवाद मात्र हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. ३० जून २०२२ पर्यंत जो मान्यताप्राप्त कारखान्यातून निघाला किंवा ज्याच्यावर तेव्हाच कपातीची टांगती तलवार होती, त्याचे हक्क संपलेले नाहीत. मान्यता मिळालेल्या कारखान्यांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर आहे, जुना कारखाना तिथे शोधून बघा.

आता तुमचं. नोटिशीवरची तारीख कॅलेंडरवर लिहा. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने एका ठिकाणी पन्नास किंवा जास्त लोकांचं काम बंद करताना ६० दिवस आधी लेखी कळवायचं, असा १९८८ चा 'वॉर्न' कायदा आहे. कमी दिवस दिले तर तेवढ्या दिवसांचा पगार आणि सवलती मागता येतात, फक्त त्यासाठी कोर्टात जावं लागतं, सरकारी माणूस येऊन वसूल करून देत नाही. तुमच्या बाबतीत दिवस पुरे दिसताहेत. या ६० दिवसांत कंटाळून राजीनामा देऊ नका. आपणहून सोडलं तर बेकारी भत्ता अडकतो आणि सेव्हरन्सही बहुतेक जातो. चांगली नोकरी हातात आली तर गोष्ट वेगळी, मग सेव्हरन्स किती सुटतो याचा हिशेब मांडून जा.

ही नोटीस राज्यालाही जाते. त्यावरून 'रॅपिड रिस्पॉन्स' नावाची टीम कारखान्यात येते, सहसा शिफ्ट बदलताना, कॅन्टीनमध्ये. लोक हाताची घडी घालून मागे उभे राहतात, चिडलेले असतात, आणि अर्धे ऐकतच नाहीत. यजमानांना म्हणावं, पुढच्या बाकावर बसा आणि बोलणाऱ्याचं नाव आणि फोन लिहून घ्या. पुढे सहा महिने त्या एका फोनवर कामं होतात. टीम आलीच नाही तर जवळच्या 'मिशिगन वर्क्स' केंद्रात तुम्हीच जा, नोकरी संपायची वाट बघू नका. नोटीस मिळालेला माणूस 'डिसलोकेटेड वर्कर', म्हणजे कपातीत नोकरी गेलेला कामगार, ठरू शकतो, आणि आज तोच तुमचा मुख्य दरवाजा आहे.

२०१४ च्या कायद्याखाली चालणारा हा कार्यक्रम काम मेक्सिकोला गेलं, ओहायोला गेलं की कुठेच गेलं नाही, हे विचारत नाही. पुरावे गोळा करायला नकोत. पण ट्रेड ॲक्टसारखा तो हक्कही नाही. पैसा मर्यादित असतो, प्रत्येक भागाची फीची कमाल रक्कम वेगळी, आणि बजेट वर्ष संपत आलं की "पुढच्या महिन्यात या" ऐकावं लागतं. शिक्षण राज्याच्या मान्य यादीतल्या संस्थेतच घ्यावं लागतं. एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: मंजुरी आधी, फी नंतर. उत्साहाने कोर्सला पैसे भरून मग पावती घेऊन आलेल्याला मी कधी पैसे परत मिळवून देऊ शकलो नाही.

यजमानांसाठी मी दोन वर्षांची पदवी सुचवणार नाही. चौदा वर्षं सेटिंग केलेल्या माणसाला मिशिगनमध्ये मागणी आहे, अडचण असते ती स्वतःची ओळख करून देण्यात. आपली माणसं फॉर्मवर लिहितात, "मशिन चालवतो." मी त्यांना बसवून विचारतो: कंट्रोल कुठला, फॅनुक की सीमेन्स? प्रोग्रॅममध्ये ऑफसेट तुम्ही बदलता की इंजिनिअरला बोलावता? पहिला पीस कोण तपासतं? सीएमएमवर (भागांची मापं घेणाऱ्या मशिनवर) स्वतः मोजता का? टूल तुटलं तर कारण कोण शोधतं? दहा मिनिटांत "मशिन चालवतो"चं अर्धं पान होतं, आणि पगाराचा आकडा तासाला काही डॉलरने सरकतो. त्या अर्ध्या पानात एखादं भोक दिसलं, समजा पीएलसी (मशिनचं नियंत्रण करणारा छोटा संगणक) येत नाही किंवा फाइव्ह-ॲक्सिस मशिनवर काम केलेलं नाही, तर काही आठवड्यांचा तेवढाच कोर्स मागा.

त्याहून चांगली सोय म्हणजे 'ऑन द जॉब ट्रेनिंग'. नवा मालक त्यांना घेऊन शिकवतो, आणि शिकण्याच्या काळातल्या पगाराचा साधारण निम्मा भाग रोजगार केंद्र मालकाला परत देतं, काही वेळा पाऊण भागापर्यंत. यात करार आधी व्हावा लागतो, माणूस रुजू झाल्यावर नाही. मुलाखतीत वयामुळे मालक का-कू करतोय असं वाटलं की हा पत्ता टाकावा. छोट्या टूल-अँड-डाय शॉपचे मालक याला लगेच कान देतात.

बेकारी भत्त्याचा अर्ज शेवटचा दिवस झाला की त्याच आठवड्यात ऑनलाइन टाका. सुरुवात अर्जाच्या आठवड्यापासून धरतात, उशीर केलेले आठवडे सहसा परत मिळत नाहीत. मिशिगनमध्ये बरीच वर्षं फक्त २० आठवडे मिळत आणि आठवड्याला कमाल ३६२ डॉलर. २०२५ पासून ते २६ आठवडे झाले आणि कमाल रक्कम ४४६ वर गेली, २०२६ च्या नव्या दाव्यांना ५३० आणि २०२७ ला ६१४ असा चढता तक्ता कायद्यातच आहे. दर दोन आठवड्यांनी हजेरी लावल्यासारखी ऑनलाइन नोंद करावी लागते आणि नोकरी शोधल्याचा तपशील द्यावा लागतो. तो खरा द्या, उलट तपासणी होते. कोर्स चालू असेल तर नोकरी शोधण्याच्या अटीतून सूट मागता येते, मात्र ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. या भत्त्यावर केंद्र सरकारचा आयकर लागतो. १० टक्के आधीच कापून घ्या असं सांगायची सोय आहे, ती घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये धक्का बसतो.

सेव्हरन्सबद्दल एक गैरसमज आपल्या लोकांत हमखास असतो. भारतात कारखाना बंद झाला तर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई कायद्यात आहे, म्हणून पुण्या-नाशिकहून आलेल्यांना वाटतं की इथेही असणारच. केंद्रीय कायद्यात इथे तसं काही नाही. न्यू जर्सीने २०२३ पासून मोठ्या कपातीत वर्षामागे एका आठवड्याचा पगार बंधनकारक केला, तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ते लक्षात ठेवावं. मिशिगनमध्ये कंपनी देते ते कंपनीच्या मर्जीने, आणि बदल्यात सही मागते की आम्ही कोर्टात जाणार नाही.

म्हणून सही आज करू नका. यजमान चाळिशीच्या पुढचे आहेत आणि ही एकदम अनेकांची केलेली कपात आहे. वयावरून भेदभाव झाला अशी तक्रार करण्याचा हक्क सोडून देणारा कागद असेल, तर १९९० च्या कायद्याने विचाराला ४५ दिवस मिळतात आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. सोबत कोणत्या पदांवरचे, कोणत्या वयाचे लोक काढले आणि कोणते ठेवले याची यादी कंपनीने द्यायची असते. "शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर ऑफर गेली" असं एचआरची मुलगी म्हणाली असेल तर हसून म्हणावं, कागद वाचतोय. ती यादी बघा. लाइन बंद होतेय पण तिशीतले सगळे शेजारच्या बिल्डिंगमध्ये सामावून घेतलेत असं दिसलं, तर वकिलाला तासाभराची फी देणं परवडतं. तसं काही नसेल तर ४५ दिवसांच्या आत सही करून पैसे घ्या. सेव्हरन्सचा बेकारी भत्त्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्कम आणि तारीख अर्जात लपवू नका.

आरोग्य विम्याचं घाईने ठरवू नका, आणि लांबवूही नका. 'कोब्रा'खाली जुनाच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के. आकडा बघून डोळे पांढरे होतात. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणजे मधल्या काळात काही झालंच तर आधार आहे. सरकारी मार्केटप्लेसमध्ये नवा विमा घ्यायचीही ६० दिवसांची खास मुदत याच वेळी चालू होते. दोन्हींची किंमत एकाच संध्याकाळी समोरासमोर ठेवून बघा. कंपनी पूर्ण बुडाली आणि गटविमाच रद्द झाला तर कोब्रा उरत नाही. तुमची कंपनी नुसती हलते आहे, त्यामुळे ती भीती कमी.

४०१-के ला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्याला, हात लावू नका. त्यातून चेक घेतलात तर २० टक्के कापूनच हातात येतो. एका खात्यातून थेट दुसऱ्यात हलवून घ्या, किंवा आहे तिथेच राहू द्या. आणखी एक मुद्दा, जो कंपनी आपणहून क्वचितच सांगते: योजनेतल्या लोकांपैकी वीस टक्के किंवा जास्त एका झटक्यात काढले गेले, तर काढलेल्यांना कंपनीने भरलेला वाटा सहसा पूर्ण त्यांच्या मालकीचा करून द्यावा लागतो, नोकरीची वर्षं पुरी झालेली नसली तरी. यजमानांची १४ वर्षं झालीत, त्यांचा वाटा त्यांचाच आहे, पण त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना हे सांगा. त्या खात्यावर कर्ज काढलेलं असेल तर ते फेडायची मुदतही विचारून घ्या.

तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून वरचं सगळं तुम्हाला लागू होतं. एच-वन-बी व्हिसावरच्या इंजिनिअर मित्रांचं गणित वेगळं. त्यांना नवा मालक शोधायला किंवा दर्जा बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि बेकारी भत्ता बहुतेकांना नाही. त्यांनी इमिग्रेशन वकील गाठावा, माझ्यासारख्याकडे वेळ घालवू नये.

राहिला मुलगा. कॉलेजची आर्थिक मदत दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरते, आणि दोन वर्षांपूर्वी यजमान ओव्हरटाइम करत असणार. फॉर्मवर तुम्ही अजून सुखवस्तू दिसता. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला लेखी कळवा की वडिलांची नोकरी गेली आहे आणि उत्पन्नाचा फेरविचार व्हावा. तिथे याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात आणि तो अधिकार त्या ऑफिसलाच असतो. कंपनीची नोटीस, शेवटची पे स्टब, बेकारी भत्ता मंजूर झाल्याचं पत्र आणि या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज, एवढं जोडा. अर्ज मुलाने स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवरून करावा, पालकांच्या पत्राला ते बऱ्याचदा उत्तरच देत नाहीत. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, वर्ष सरत आलं की कॉलेजचा स्वतःचा निधी आधी संपतो.